वणवा विझल्यानंतरचं काम मोबाईलच्या नकाशावर कसं लावायचं: नवीन लोकांसाठी

फेब्रुवारी लागला की सह्याद्रीतलं गवत कडक वाळतं आणि मग मे संपेपर्यंत कुठल्या ना कुठल्या डोंगरावर रात्री लाल रेघ दिसतेच. विझवायला लोक धावतात, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात, पण आग विझल्यानंतर जे काम सुरू होतं त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि माणसं खरी तिथेच लागतात. होरपळलेली रोपं बघायची, वितळलेल्या ठिबकच्या नळ्या बदलायच्या, उघडी पडलेली माती अडवायची, पडायला आलेली झाडं ओळखून ठेवायची, आणि हे सगळं जूनच्या पहिल्या पावसाच्या आत.

आमच्या गटाने पहिल्या वर्षी हे नकाशाशिवाय केलं. एकच टेकडी, चार ग्रुप, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप काय तर "मोठ्या दगडाच्या वर", "दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडे". मोठे दगड त्या टेकडीवर पन्नास. सलग तीन रविवार दोन वेगळ्या ग्रुपनी पूर्वेकडच्या त्याच रोपांना पाणी घातलं, आणि मागच्या अंगाला साठेक रोपं आगीतून वाचून पालवी फोडत होती ती एप्रिलमध्ये पाण्यावाचून गेली. प्रत्येकाला वाटलं तिकडे दुसरा ग्रुप जातोय. एवढं सोसून वाचलेली रोपं अशी जावीत याचं आजही वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही सगळं काम मोबाईलच्या नकाशावर आणलं, आणि जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्हाला जीआयएस (संगणकावर नकाशे बनवायचं तंत्र) येत नसलं तरी चालेल, पाच सात लोक आणि त्यातल्या एकाकडे लॅपटॉप एवढं पुरे.

१. चढायच्या आधी

आग विझली असं वाटलं तरी पहिले दोन दिवस वर गर्दी करू नका. जुन्या झाडांच्या ढोल्या आणि जमिनीखालची मुळं आतून धुमसत राहतात, वरून राख थंड दिसते आणि पाय टाकला की आत जातो. स्लीपर, सँडल अजिबात नको, जाड तळव्याचे बूटच हवेत. वठलेलं झाड बुंध्याशी जळलं असेल तर नुसत्या वाऱ्याने पडतं, त्याच्याखाली सावलीला बसायचं नाही.

आणि जमीन कुणाची ते आधी विचारा. वनखात्याची असेल तर त्या बीटच्या (एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या भागाच्या) वनरक्षकांना भेटा, परवानगी घ्या, आणि कक्ष क्रमांक (खात्याने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला नंबर) विचारून घ्या, कारण खात्याची सगळी कागदपत्रं कक्ष क्रमांकावर चालतात आणि तुमच्या नकाशात तो असला की त्यांनाही तो नकाशा लगेच वापरता येतो. कुणाशी बोलायचं तेच कळत नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मालकीची जमीन असेल तर गट नंबर आणि मालकाची परवानगी, गायरान असेल तर ग्रामपंचायत. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका, आपल्या या कामाला त्याची फारशी गरजही पडत नाही.

२. ॲप कुठलं

नवीन माणूस इथेच अडकतो, दहा ॲप टाकतो आणि एकही धड वापरत नाही. मी तीनच सांगेन.

वाट शोधायला आणि चाललेला मार्ग रेकॉर्ड करायला ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात, नकाशा आधी उतरवून घेतला की रेंज नसली तरी काम करतात, आणि डोंगरातल्या पायवाटा, पाण्याची टाकी, देवळं त्यात बऱ्याचदा असतात कारण ट्रेकिंग करणाऱ्या लोकांनी ती भरलीत.

पहिल्या पाहणीला, म्हणजे काय काय जळलंय याची नोंद करायला कोबोकलेक्ट. लॅपटॉपवर कोबोटूलबॉक्समध्ये प्रश्नांचा फॉर्म बनवायचा, तो फोनमध्ये उतरवायचा, डोंगरावर रेंजशिवाय भरायचा, खाली आल्यावर पाठवायचा. ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे, आयफोनवाल्यांना तोच फॉर्म ब्राउझरमध्ये उघडता येतो. फॉर्म मराठीतून बनवता येतो, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, कारण गावातली पोरंपोरी मग कुणाला न विचारता भरतात.

पुढच्या कामाला, म्हणजे रोज कुठे काय झालं ते बदलत ठेवायला क्यूफील्ड. हे लॅपटॉपवर नकाशे बनवायच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरचं मोबाईल भावंड समजा, दोन्ही मोफत. कोबोमध्ये नवीन नोंद करणं सोपं आहे पण जुन्या ठिपक्यावर (नकाशावर नोंद केलेल्या जागेवर) परत जाऊन "बाकी"चं "झालं" करणं फोनवरून कटकटीचं होतं, क्यूफील्डमध्ये ठिपक्यावर बोट ठेवलं की झालं. म्हणून पहिला आठवडा कोबो आणि त्याच नोंदी क्यूजीआयएसमध्ये घेऊन पुढे क्यूफील्ड, असं आम्ही करतो. गटात क्यूजीआयएस येणारं कुणीच नसेल तर नुसता कोबो आणि एक शेअर केलेली शीट यावरही एक सीझन निघतो, अडून राहू नका.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा. फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यात दडलेली जागेची माहिती निघून जाते. तुमच्याकडे दोनशे फोटो जमतील आणि एकही कुठला ते कळणार नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फॉर्ममधूनच काढा. लाइव्ह लोकेशनही जास्तीत जास्त आठ तासच चालतं आणि त्याला रेंज लागते, ते सुरक्षिततेसाठी ठीक, नोंदीसाठी नाही.

३. फोन तयार करणं

घरी वायफायवर नकाशे, फॉर्म, प्रोजेक्ट सगळं उतरवून घ्या आणि मग डेटा बंद करून एकदा उघडून बघा, जे आहे ते तेव्हाच कळतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, विमान मोडमध्येही ते चालतं, पण रेंज नसताना पहिल्यांदा उपग्रह पकडायला वेळ जातो, म्हणून पायथ्याला रेंज आहे तोवरच लोकेशन चालू करून निळा ठिपका स्थिर होऊ द्या. बॅटरी सेव्हर बंद, कारण तो चालू असला की फोन मध्येच लोकेशन झोपवतो आणि तुमच्या ट्रॅकमध्ये सरळ रेघा येतात. होकायंत्र भरकटत असेल तर फोन हातात धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन तीनदा फिरवा.

मार्च एप्रिलमध्ये काळ्या जळालेल्या उतारावर ऊन डबल लागतं आणि फोन तापून बंद पडतो, हे पहिल्या दिवशी आमच्या तीन फोनचं झालं. फोन हातात धरून चालू नका, ओल्या रुमालात गुंडाळू नका, पिशवीत सावलीत ठेवा, नोंदीपुरता काढा, आणि अकराच्या आत खाली या. पॉवरबँक प्रत्येक जोडीला एक.

आता अचूकतेचं नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. कड्याच्या कुशीत, घळीत, दाट झाडीत तो १५-२० मीटर सहज चुकतो. नोंद करताना स्क्रीनवर अचूकतेचा आकडा दिसतो, तो ८ मीटरच्या खाली येईपर्यंत उभं राहा, अर्धा एक मिनिट लागतं. पण रोपं तीन तीन मीटरवर लावलेली असतील तर ५ मीटरच्या चुकीत कुठलं रोप ते फोन सांगूच शकत नाही. म्हणून प्रत्येक रोपाचा ठिपका काढायच्या भानगडीत पडू नका. ओळीचा किंवा दहा पंधरा रोपांच्या घोळक्याचा एक ठिपका, आणि तिथे जमिनीवर खूण: दगडावर पांढरा ऑइलपेंट, त्यावर तोच नंबर जो नकाशात आहे. फोन तुम्हाला दगडापर्यंत नेतो आणि दगड रोपापर्यंत.

४. कुठवर जळलंय ते ठरवणं

चालत हद्द काढायच्या आधी उपग्रहाचं बघून घ्या, अर्धी पायपीट वाचते. नासाच्या फर्म्स या साइटवर आगीचे लाल ठिपके काही तासांत दिसतात, आणि देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून आगीचे इशारे देते, त्यांच्या पोर्टलवर आपला भाग निवडून मेसेजसाठी नाव नोंदवता येतं, ते प्रत्येक गटातल्या दोघातिघांनी तरी करावं. पण हा ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा असं समजू नका. हे ठिपके टिपणाऱ्या, उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या सेन्सरचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे एका ठिपक्याखाली १४ हेक्टर, पस्तीस एकर जमीन. आग त्यात कुठेही असेल. आणि हे उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात, गवताची आग चारला लागून सातला विझली तर ठिपका येणारच नाही. ठिपका नाही म्हणून जळलं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जळालेला पट्टा बघायला युरोपचा सेंटिनल-२ उत्तम. कोपर्निकस ब्राउझरवर मोफत, दर पाच दिवसांच्या आसपास नवीन चित्र, १० ते २० मीटरचा बारकावा, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे आकाश स्वच्छ असल्यामुळे चित्र मिळतंच. आगीच्या आधीचं एक आणि नंतरचं एक अशी दोन चित्रं एसडब्ल्यूआयआर (डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचं चित्र) या लेयरमध्ये शेजारी लावा, जळालेला भाग गडद तपकिरी दिसतो. नंतरचं चित्र दहा पंधरा दिवसांच्या आतलंच घ्या, गवताची राख वाऱ्याने उडते आणि मग ओळखणं अवघड होतं.

इथे सह्याद्रीतली खास अडचण सांगतो जी बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये नसते. सेंटिनल-२ सकाळी साडेदहा अकराच्या सुमारास जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो आणि फेब्रुवारीत तो अजून खालीच असतो, त्यामुळे वायव्येकडचे तीव्र उतार सावलीत काळे दिसतात. शिवाय आपला कातळ काळा. पहिल्यांदा बघणारा माणूस सावली आणि कातळ दोन्ही जळालेलं समजून रंगवतो. उपाय सोपा, आधीचं चित्र बघा: तिथेही काळंच असेल तर ते जळालेलं नाही.

मग प्रत्यक्ष चालणं. दोघं दोघं, ओएसएमअँडमध्ये ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करून जळालेल्या आणि न जळालेल्या गवताच्या सीमेवरून चाला. कड्याच्या बाजूला हद्दीसाठी जीव धोक्यात घालायचा नाही, समोरच्या सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून) बघून नकाशावर हाताने रेघ काढा आणि "अंदाजे" असं लिहा. मध्ये मध्ये न जळालेली बेटं सापडतील, ओढ्याकाठी, कातळाच्या आडोशाला. ती नक्की नोंदवा, तिथूनच बी पसरतं आणि ससे, सरडे, पाखरं तिथेच आसऱ्याला असतात.

हेक्टर मोजताना एक सेटिंग. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्ट यूटीएम (मीटरमध्ये मोजायची नकाशाची पद्धत) झोन ४३ मध्ये ठेवा, रेखांश ७८ च्या पूर्वेला असाल, म्हणजे यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, तर झोन ४४. आणि कुणी कागदावर अक्षांश रेखांश दिले तर ते कुठल्या पद्धतीत आहेत ते विचारा, १८ अंश ३० मिनिटं आणि १८.३० हे एकच नाही, दोन्हीत २२ किलोमीटरचा फरक पडतो. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर ठिपका नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जातो, आपला ठिपका नकाशावर सापडत नसेल तर आधी तिथे बघा.

५. भाग पाडा, पण नावं गावाची ठेवा

जळालेला भाग तुकड्यांत वाटा. तुकडा केवढा, तर आठ दहा माणसांचं एका सकाळचं काम होईल एवढा. हद्द डोळ्याला दिसणारी असावी, ओढा, पायवाट, सोंड, बांध. नकाशावर सरळ चौकोनी जाळी मारू नका, चौकोनाची कड उतारावर उभं राहून कुणालाच दिसत नाही.

नावांचा अनुभव सांगतो. आम्ही सुरुवातीला "झोन १, झोन २" केलं होतं. पाहणीच्या दिवशी गुरं चारणारे एक मामा सोबत आले, त्यांना मोबाईलवर झोन ३ दाखवला तर ते काही बोलेनात, मग फोन फिरवून खालच्या देवळाकडे बोट दाखवलं तेव्हा म्हणाले, "हां, ही म्हसोबाची सोंड, आणि हिच्या पलीकडं कोरडा झरा, तिथं पावसाळ्यात माती लय वाहती." झऱ्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, उपग्रहाच्या चित्रातही दिसत नव्हता. त्या दिवशी सगळ्या तुकड्यांची नावं बदलली. मामा, गुराखी पोरं, सरपण आणणाऱ्या मावश्या यांच्यासोबत एक सकाळ फिरा आणि त्यांच्या तोंडची नावं नकाशावर घाला. प्रत्येक नावाला एक अक्षर द्या, म्हसोबाची सोंड "म", कोरडा झरा "झ", आणि आतल्या ठिपक्यांना म-१, म-२ असे नंबर. मग निरोप असा जातो: "झ-१४ ला दगडी बांध बाकी आहे." एवढ्या एका वाक्यात जागा आणि काम दोन्ही कळतं, आणि ते फोन नसलेल्या माणसालाही कळतं कारण दगडावर झ-१४ रंगवलेलं असतं.

६. फॉर्म: सात प्रश्न, जास्त नको

उत्साहात लोक तीस प्रश्न घालतात आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी भरत नाही. आमचे सात: ठिपक्याचा नंबर, काय आहे, अवस्था, काय करायला हवं, फोटो, कुणी नोंदवलं, तारीख. तारीख आपोआप येते.

महत्त्वाचं म्हणजे "काय आहे" आणि "अवस्था" यांची उत्तरं निवडायची ठेवा, टाइप करायची नाहीत. टाइप करायला दिलं की कुणी "झालं" लिहितं, कुणी "झाले", कुणी "पूर्ण", आणि मग मोजदाद करता येत नाही. "काय आहे" मध्ये आमच्याकडे हे पर्याय आहेत: रोपांचा घोळका, मोठं झाड, धोक्याचं झाड, माती वाहण्याची जागा, पाण्याची सोय (टाकी, नळी, झरा), कुंपण, न जळालेलं बेट, आणि शेवटचा "हात लावायचा नाही".

हा शेवटचा पर्याय मी आग्रहाने घालायला सांगतो. वणव्यानंतर लोकांना काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, खड्डे घ्या, झाडं लावा, बिया फेका. पण सह्याद्रीतली पुष्कळ गवताळ माळरानं आणि सडे (माथ्यावरची कातळाची पठारं) मुळात गवताचेच आहेत, तिथे झाडं लावणं किंवा चर खणणं म्हणजे आगीपेक्षा मोठं नुकसान. गवताचे ठोंब मुळाशी जिवंत असतात, त्यांना एक पावसाळा गुरांपासून थोडी विश्रांती मिळाली की ते परत येतात. नकाशावर ती जागा वेगळ्या रंगात दिसली की रविवारी आलेली नवीन मंडळी तिथे कुदळ मारत नाहीत.

रोपांच्या अवस्थेत "जिवंत", "मेलेलं" यासोबत "शंका" ठेवाच. खोडावर नखाने किंचित खरवडायचं, साल निघून आत हिरवं ओलं दिसलं तर जिवंत. वर तपकिरी, कोरडं असलं तरी लगेच उपटू नका, अजून खाली बुंध्याशी बघा. पळस, कुंभा, ऐन यांसारखी झाडं आगीला बरीच टिकतात, वरचं गेलं तरी मुळातून फुटतात. एका बेहड्याच्या रोपाचं मला आठवतं, कमरेएवढं, पार कोळसा झालेलं, आमच्यातल्या एका ताईने हट्टाने "शंका" लिहून ठेवलं होतं, जुलैमध्ये त्या नंबरच्या दगडापाशी गेलो तर बुंध्यातून तीन लालसर कोंब वर आले होते. "मेलेलं" लिहिलं असतं तर मे महिन्यात तिथे नवीन खड्डा झाला असता.

पुढे क्यूफील्डमध्ये कामाची स्थिती चारच शब्दांत: बाकी, हातात, झालं, पुन्हा बघा. "हातात" हा शब्द नसला की दोन ग्रुप एकाच जागी जातात. क्यूजीआयएसमध्ये चारांना चार रंग द्या. लाल आणि हिरवा एवढ्यावर भागवू नका, काही लोकांना त्यातला फरक दिसत नाही, आकारही वेगळे ठेवा, बाकी म्हणजे चौकोन, झालं म्हणजे गोल.

७. कामाचा दिवस

आमचा दिवस असा असतो. साडेसहाला पायथ्याला जमायचं, नकाशा सांभाळणारी व्यक्ती प्रत्येक ग्रुपला एक तुकडा देते आणि त्याचे ठिपके "हातात" करते, सगळे तिथेच सिंक करतात, म्हणजे आपल्या फोनमधल्या नोंदी सगळ्यांच्या नकाशाशी जुळवून घेतात. एका ग्रुपमध्ये नोंद करणारा फोन एकच. हे फार लोकांना पटत नाही पण दोन फोनवरून रेंजशिवाय एकच ठिपका बदलला तर सिंक करताना एकाचं लिहिलेलं जातं, आणि कुणाचं गेलं ते दिसतही नाही. दुसरा माणूस वही ठेवतो, नंबर आणि एक ओळ. वही कशाला असं नवीन मुलं विचारतात, पण फोन बंद पडला तर त्या दिवशीचं काम त्या वहीतूनच परत येतं.

खाली आल्यावर चहाच्या टपरीवर बसूनच सिंक करून घ्या, घरी जाऊन करतो म्हणालेला माणूस बुधवारपर्यंत करत नाही. नकाशा सांभाळणाऱ्याने रात्री एकदा सगळ्या नोंदींवरून नजर फिरवायची, पुसट फोटो, चुकीच्या तुकड्यात पडलेले ठिपके, आणि फाइलची एक प्रत दुसरीकडे तारीख घालून ठेवायची. हे काम एकाच माणसाकडे असावं आणि त्याला त्या दिवशी कुदळ द्यायची नाही, ते बसून केलं तरी कामच आहे.

८. पावसाच्या आत काय आधी

मे महिन्यात नकाशा उघडून एकत्र बसा आणि एकच प्रश्न विचारा: पहिल्या जोराच्या पावसात कुठली माती जाईल आणि ती जाऊन कुठे पडेल. तीव्र उतार, वर गवत उरलेलं नाही, आणि खाली गावाची विहीर किंवा पाणवठा, असे तीनही जिथे जमून येतात ते ठिपके सगळ्यात आधी. तिथे ओढ्याच्या वरच्या टोकाला छोटे छोटे दगडी बांध, पडलेल्या फांद्या उताराला आडव्या, जळालेल्या झाडांचे बुंधे आडवे (वनखात्याला विचारूनच). खाली एकच मोठा बांध घालण्यापेक्षा वर दहा छोटे कधीही बरे.

समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) काढायचे असतील तर त्याची जागा नकाशावर ठरवा पण पातळी फोनवर अजिबात घेऊ नका. फोनची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, आणि मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशाचा चौकोन ३० मीटरचा असतो. पातळीला पारदर्शक नळीत पाणी भरून नाहीतर लाकडी ए फ्रेम (इंग्रजी ए अक्षरासारखी, ओळंबा लावलेली चौकट), हेच खरं. चर थोडा जरी उताराला गेला तरी तोच पाणी गोळा करून घळ पाडतो.

हेच मोबाईल नकाशाचं तत्त्व मोठ्या प्रमाणावर बघायचं तर कॅलिफोर्नियाचं उदाहरण आहे. ८ नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या पॅराडाइज गावाला लागलेल्या कॅम्प फायरमध्ये ८५ माणसं गेली आणि १८ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. पाहणी करणारी पथकं मोबाईल ॲपवर एकेका घराची अवस्था आणि फोटो नोंदवत गेली आणि ते नकाशावर टाकलं गेलं, त्यामुळे गाव सोडून गेलेल्या लोकांना आपलं घर उरलंय की नाही ते लांबूनच बघता आलं. आपल्याकडे घरांच्या जागी रोपं, नळ्या, बांध, गवताच्या गंजी, पण पद्धत तीच: जागा, ठरलेल्या शब्दांत अवस्था, फोटो, आणि ते सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसणं.

९. कुणाला काय दाखवायचं

गावात नकाशा मोबाईलवर दाखवू नका, ए-३ कागदावर मोठा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि शेजारी पेन्सिल बांधा. लोक येऊन स्वतः दुरुस्त करतात. शेतकऱ्याची वैरण, आंबा, काजूची कलमं जळाली असतील तर जागेसकट फोटो काढून त्यांना द्या, पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यांना दाखवायला ते कामी येतात. पंचनामा मात्र त्यांनीच करायचा असतो, आपला नकाशा त्याची जागा घेत नाही, आणि आपण तसं कुणाला सांगूही नये.

काही गोष्टी बाहेर जाणाऱ्या नकाशात ठेवायच्या नाहीत. घरटी आणि बिळं, दुर्मिळ वनस्पतींच्या जागा, नोंद करणाऱ्यांची नावं आणि नंबर. आणि आग कुणी लावली याचा संशय तर नकाशात कधीच नाही, ना ठिपका ना टीप. तो वनखात्याचा तपासाचा विषय आहे, आणि उद्या ज्या वस्तीच्या मदतीने जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची आहे त्याच वस्तीवर आज बोट ठेवलं तर पुढचं सगळं काम बसतं.

१०. पाऊस पडल्यावर

जुलैमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि पुढच्या फेब्रुवारीत एकदा, असे तीन फेरे "पुन्हा बघा" आणि "शंका" वाल्या ठिपक्यांवर मारा. फोटोसाठी दहा बारा जागा कायमच्या ठरवा, दगडावर बाण रंगवा म्हणजे दर वेळी त्याच जागेवरून त्याच दिशेला फोटो येईल, नाहीतर तुलना करता येत नाही. घाणेरी आणि रानमोडी जळालेल्या मोकळ्या जागी पटकन घुसतात, जुलैच्या फेरीत त्यांचाही ठिपका काढा, लहान असताना मुळासकट निघतात.

दिवाळी झाली की तोच प्रोजेक्ट परत उघडा. आग कुठून शिरली, कुठे थांबली, हे आता तुमच्याकडे रेघेत आहे. त्यावरून जाळरेषा कुठून कुठवर काढायची ते वनरक्षकांसोबत आणि गावासोबत बसून ठरवा आणि जानेवारीच्या आत काढून घ्या. त्याच नकाशात पाण्याच्या टाक्या, आग झोडपायला फांद्या मिळतील अशा जागा, गाडी कुठवर जाते, आणि रेंज कुठल्या दगडावर येते हे चार थर वाढवा आणि पायथ्याच्या वाड्यांमधल्या प्रत्येकी दोन फोनमध्ये उतरवून द्या, आमच्याकडे कोरड्या झऱ्याच्या वरचा तो रेंजचा दगड मामांनीच दाखवला.